प्रवेशानंतरचे काम

दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याची केंद्र सरकारची पहिली योजना १९७४ सालची. मुलाने शाळेशी जुळवून घ्यावे, असाच तेव्हाचा रोख होता. १९९४च्या आंतरराष्ट्रीय सालामांका जाहीरनाम्याने शाळेने मुलांनुसार बदलावे असे स्पष्ट सांगितले. भारतात २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्कही त्याने दिला.

आता पटावर नाव येते, दाराशी रॅम्प होतो. पाठाचे टाचण मात्र पूर्वीसारखेच राहते. समावेशनाचे खरे काम तिथे अडले आहे.

श्रवणयंत्र शिक्षकाच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि बाके सरकवल्याचा आवाजही वाढवते. म्हणून कर्णबधिर मूल ओठांच्या हालचालींवरही विसंबते. फळ्याकडे तोंड करून शिकवले की तो आधार तुटतो. मागच्या बाकावरून आलेले उत्तर शिक्षकाने वर्गाकडे पाहत पुन्हा सांगितले, तर चर्चा त्या मुलापर्यंत पोहोचते. अल्पदृष्टीच्या मुलाला सरसकट पहिल्या बाकावर बसवणेही बरोबर नाही. ज्याचे दृष्टिक्षेत्र अरुंद आहे, त्याला थोडे मागून फळ्याचा जास्त भाग दिसतो. जागा मुलाला विचारून ठरवावी आणि फळ्यावर लिहिताना प्रत्येक ओळ मोठ्याने वाचावी. या सवयींना वेगळा निधी लागत नाही आणि त्यांचा लाभ साऱ्या वर्गाला होतो. अध्ययन अक्षमता डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ती असलेले मूल आळशी ठरते. हा अन्याय सहसा नोंदलाही जात नाही. अशा मुलाला तयारीविना प्रकट वाचनास उभे करू नये. त्याचे तोंडी उत्तर लेखी उत्तराइतकेच ग्राह्य धरावे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिव्यांग मुलांसाठी विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर १० मुलांमागे एक आणि पुढील स्तरांवर १५ मुलांमागे एक असे सांगितले. हे शिक्षक मिळालेच पाहिजेत. पण भेटीला आलेल्या विशेष शिक्षकाच्या हाती मूल सोपवून वर्गशिक्षकाने मोकळे होणे म्हणजे एकाच इमारतीत दोन शाळा चालवणे. पुढच्या आठवड्याच्या पाठात कोणते बदल करायचे, हे दोघांनी एकत्र बसून ठरवण्यासाठी ती भेट वापरावी.

लेखनिक आणि वाढीव वेळ या सवलती बहुतेकदा दहावीच्या अर्जावेळी आठवतात. उत्तर मनात रचून दुसऱ्याला सांगणे हे सरावाने येणारे कौशल्य आहे. ते ऐन बोर्डाच्या परीक्षेत शिकता येत नाही. ज्या मुलाला लेखनिक लागणार आहे, त्याला निदान आठवीच्या सहामाहीपासून तो मिळावा आणि याची जबाबदारी मुख्याध्यापकांनी स्वतःकडे घ्यावी.