बाळंतविड्यातली कांगारू बॅग



आज थेट मुद्द्यावर येते. बाळंतविड्यात कांगारू बॅग देणं बंद करा. द्यायचीच असेल तर त्या घरात बाळाला उचलणारं माणूस कोण आहे, त्याची मनगटं, खांदे, कंबर कशी आहे, हे आधी विचारा आणि मग द्या. बाळाचं वजन किती, रंग कुणाचा, नाक कुणावर गेलंय, सगळं आपण विचारतो. उचलणारीचं दुखतंय का, हे मात्र कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षभरात आमच्या नात्यात तीन बारशी झाली. तिन्ही घरी कॅरिअर आलं, एका घरी तर दोन आली. आज त्या चारांपैकी एकच वापरात आहे. बाकीची माळ्यावर आहेत, आणि तिघींपैकी दोघींच्या मनगटाला पट्टा आहे.

कारण सांगते. बाळंतपणानंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला जी कळ येते ती तुमच्यापैकी निम्म्याजणींनी तरी सोसली असेल. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवलं की जीव जातो. त्या दुखण्याला द कर्व्हें या स्विस डॉक्टरांचं नाव आहे. त्यांनी १८९५ साली त्याचं वर्णन करून ठेवलं. म्हणजे हे काही हल्लीच्या पोरींचं नाजूकपण नाही. बाळाच्या काखेत दोन्ही हात घालून, अंगठे ताणून, दिवसातून वीस-तीस वेळा उचललं की अंगठ्याच्या शिरांचं आवरण सुजतं. दुसरं, ज्यांना संधिवात आहे त्यांच्यातल्या बऱ्याचजणींना गरोदरपणात बरं वाटतं आणि बाळ झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत तोच वात उसळून येतो. म्हणजे ज्या महिन्यांत बाळ सगळ्यात जास्त हातावर असतं, त्याच महिन्यांत सकाळी उठल्यावर बोटं तासभर वळत नाहीत. त्यात बाळ काही तीन किलोचं राहत नाही. सहा महिन्यांत सात-साडेसात आणि वर्षाचं होईतो नऊच्या आसपास जातं.

आता यावर घरात काय ऐकायला मिळतं? "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. कडेवर घेतलं की झालं." अहो, तुमच्या वेळी घरात दोन जावा, एक नणंद, एक आत्या आणि ओसरीवर सासरे होते. बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जायचं. मधेच लुगड्याच्या झोळीत झोपायचं. एकटीनं बाळ दिवसभर वागवलं, असं तुमच्यापैकी कितीजणींनी केलंय? आणि शेतावर जाणाऱ्या बायका जुन्या लुगड्यानं मूल पाठीला बांधायच्या, ते काय होतं मग? कॅरिअरच होतं. त्याला बकल नव्हतं, एवढंच.

दुसरं वाक्य जास्त बोचतं, कारण ते धर्माचं नाव घेऊन येतं. "सहन करावं, तेवढीच निर्जरा." मी हे एका सुशिक्षित बाईच्या तोंडून ऐकलंय, तेही सुजलेल्या बोटांनी कपडे पिळणाऱ्या सुनेसमोर. सोळाकारणाच्या भावना आपण दर भाद्रपदात म्हणतो ना? त्यात तप आहे, पण तो शब्द आहे 'शक्तितस्तप'. आपल्या शक्तीप्रमाणे. आणि तप माणूस स्वतः होऊन, नियम घेऊन करतो. दुसऱ्याच्या सांध्यांवर आपण लादलेलं ओझं हे तिचं तप कसं होईल? त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे आणि तो अहिंसेच्या बरोबर उलट आहे.

असो. आता वस्तूकडे येऊ, कारण नुसतं भांडून मनगट बरं होत नाही.

दुकानात गेलात की विक्रेता विचारतो, बाळ किती महिन्यांचं? तो आईचं काहीच विचारत नाही. आमच्या इथल्या एका मोठ्या दुकानात मी मुद्दाम विचारलं की खांदा मागे जात नसेल तर यातलं कुठलं चालेल. त्यानं मला हत्तीचं चित्र असलेलं दाखवलं.

खरी परीक्षा तिथेच असते. पाठीवर दोन पट्टे असतात आणि त्यांना जोडणारी क्लिप मानेच्या खाली, मागे असते. ज्याचा खांदा आखडलाय त्याचा हात तिथवर पोचत नाही. मग रोज कुणीतरी "जरा क्लिप लावा हो" म्हणून बोलवावं लागतं, आणि आठवड्यात कॅरिअर माळ्यावर जातं. अशांनी पट्टे पाठीवर एकमेकांवरून ओलांडून बाजूला अडकवता येतात असं घ्यावं, किंवा क्लिप आधीच लावून सदऱ्यासारखं डोक्यातून घालता येतं का ते बघावं. बोटं दुखत असतील तर बकल स्वतः दाबून बघा. काही बकलांना दोन बाजूंनी चिमटीत धरून जोर द्यावा लागतो, काहींना वर तिसरं बटणही असतं. बाळाच्या सुरक्षिततेसाठी ते चांगलं, पण वाताच्या बोटांना ती शिक्षा आहे. चुंबकानं जागेवर बसणारी बकलं हल्ली मिळतात. आणि हे सगळं दुपारी चार वाजता दुकानात बघू नका. तेव्हा सगळ्यांचे हात चालतात. घरी आणा, टॅग काढू नका, सकाळी उठल्या-उठल्या बोटं आखडलेली असताना पाच किलो पिठाची पिशवी त्यात घालून बघा. तेव्हा उघडता-लावता आलं तरच ते तुमचं.

रिंग स्लिंग फोटोत फार देखणी दिसते, साडीच्या पदरासारखी. मलाही आवडते. पण ती सगळं वजन एका खांद्यावर टाकते. मान, खांदा किंवा कमरेची एक बाजू दुखणाऱ्यांनी, आणि ज्यांचे सांधे मुळातच सैल आहेत, सहज उलटे वळतात, त्यांनी तिच्या नादी लागू नये. लांब कापडाचा रॅप वजन दोन्ही खांद्यांवर, पाठीवर आणि कमरेवर छान पसरवतो, पण बांधताना कापड मुठीत धरून खेचावं लागतं. अंगठा दुखणारीला ते रोज चार वेळा कसं जमेल? ताणलं जाणारं रॅप असेल तर एकदा सकाळी बांधून ठेवता येतं आणि बाळ आत-बाहेर करता येतं. पहिल्या काही महिन्यांसाठी तो मधला मार्ग. जाता जाता, विणलेल्या रॅपच्या कापडात रेशीम किंवा लोकर मिसळलेली असते आणि काही कॅरिअरना चामड्याचे तुकडे लावलेले असतात. रेशीम-चामडं वर्ज्य असणाऱ्यांनी लेबल वाचून घ्या. साधं सुती मिळतं आणि आपल्या उन्हाळ्याला तेच बरं.

रुंद कंबरपट्ट्याचं, जाड खांद्याचं बकलवालं कॅरिअर बहुतेकांना चालतं, कारण भार खांद्यावरून कमरेच्या हाडांवर उतरतो. पण सिझेरियनच्या टाक्यांवर किंवा माकडहाडाच्या वरच्या सांध्यात दुखत असेल तिथे पट्टा टेकवू नका, थोडा वर बांधा. हिप सीट म्हणजे कमरेला फोमची बैठक. बाळ सारखं चढतं-उतरतं तेव्हा ती उपयोगी पडते. पण नुसती बैठक असेल तर एक हात बाळाभोवती लागतोच, आणि एकाच बाजूला वाकून चालण्याची सवय लागते.

कुठलंही घ्या, बाळाचे गुडघे त्याच्या कुल्ल्यांपेक्षा वर हवेत आणि मांड्या गुडघ्यापर्यंत कापडावर टेकलेल्या हव्यात. स्वस्तातल्या कांगारू बॅगेत मधली पट्टी इतकी अरुंद असते की पाय काठीसारखे लोंबतात. बाळाच्या खुब्याला ते चांगलं नाही आणि तुमच्या पाठीलाही नाही, कारण लोंबणारं बाळ तुमच्यापासून लांब झुकतं आणि कंबर ओढते. तोंड कायम दिसायला हवं, हनुवटी छातीत खुपसलेली नको, आणि मान वाकवून माथ्याची पापी घेता येईल इतकं ते वर हवं. हाताची पकड कमजोर असेल तर घालणं-काढणं उभ्यानं करू नका. पलंगावर बसून करा, म्हणजे निसटलं तरी गादीवर.

उचलताना काखेत हात घालू नका. तळवे वर करून, अंगठा बोटांना चिकटलेला ठेवून, एक हात मानेखाली आणि एक कुल्ल्यांखाली. पसा भरतो तसं.

गुडघ्यांबद्दल मात्र मी कुणाला खोटी आशा लावणार नाही. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-अडीचपटीनं भार येतो, जिना उतरताना तिप्पट आणि वर. कॅरिअर वजन दुसरीकडे वळवतं, नाहीसं करत नाही. खांद्यावरून कमरेवर आलेलं ओझं शेवटी गुडघ्यांतूनच जमिनीत जातं. तेव्हा झिजलेल्या गुडघ्याच्या आजीला महागाचं कॅरिअर बांधून नातवंड सोपवू नका. तिला बसून बाळ द्या, दारापर्यंत बाबागाडी द्या. आणि श्रवणबेळगोळच्या सहाशेच्या वर पायऱ्या किंवा बाहुबलीचा डोंगर बाळाला पुढे बांधून उतरायचा हट्ट गुडघे दुखणाऱ्या कुणीही करू नये. पुढे बांधलेल्या बाळामुळे स्वतःचं पाऊल दिसत नाही. बाळ दुसऱ्याकडे द्या आणि कठडा धरा.

दुसऱ्याकडे म्हणजे कुणाकडे, हा या सगळ्यातला खरा मुद्दा. संध्याकाळी पाच ते साडेसहा आपल्या घरात काय चालू असतं तुम्हाला माहीत आहे. सूर्यास्ताच्या आत ताटं व्हायची म्हणून कुकर, पोळ्या, आमटी एकदम, आणि नेमकं तेव्हाच बाळ किरकिरतं. मग आई त्याला पुढे बांधून गॅससमोर उभी राहते. हे कधीही करायचं नाही, सांधे लोखंडाचे असले तरी नाही. तेल उडतं, वाफ येते. जो गॅससमोर नाही त्यानं बाळ बांधावं. बाबांनी बांधावं. म्हणून कॅरिअर निवडताना पट्टे दोघांच्या मापाला सैल-घट्ट होतात का ते बघा आणि दुकानात दोघं जा. बाबांची कंबरही काही वज्राची नसते. पाठीचा कणा आखडवणारा वात बहुतेकदा चाळिशीच्या आतच सुरू होतो, आणि त्यात सकाळी पाठ लाकडासारखी होते. अशा बाबाला मान फार वाकवता येत नाही, त्यानं बाळ अंमळ वरच बांधावं.

आता जे लिहायला हात अडखळतो ते लिहिते. आपल्याकडे मुलीचा संधिवात लपवतात. स्थळं येईनाशी होतील म्हणून गोळ्या कपाटात कपड्यांखाली असतात. लग्नानंतर सासरी कळू नये म्हणून, बाळंतपणानंतर "हिला मूल सांभाळवत नाही" म्हणतील म्हणून. माझ्या माहितीतली एक मुलगी कॅरिअर फक्त खोलीचं दार लावून वापरायची, कारण बाहेर बांधलं की सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या सूनबाईंना लेकरू जड होतं." त्या मुलीला घरात कॅरिअरही होतं आणि वातही होता. दोन्ही दाराआड. डॉक्टरांकडे गेली तेव्हा दोन बोटं वाकडी झाली होती. वेळेत औषध सुरू झालं तर हा वात बराच आटोक्यात राहतो. अंगावर दूध असताना चालणारी औषधं आहेत, ती डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यायची. पण विचारायला आधी दुखतंय म्हणून सांगावं लागतं.

तेव्हा पुढच्या बारशाला जाताना पाकिटात पैसे घाला, किंवा बाळाची आई आणि बाबा दोघांना घेऊन दुकानात जा. वस्तूच न्यायची असेल तर पावती आत ठेवा आणि बदलून मिळतं की नाही ते दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्या. आणि हळदीकुंकवाला वाटीत साखर घालताना आईला हळूच विचारा, सकाळी बोटं वळतात का गं तुझी?