दप्तर उतरवण्यापूर्वी

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. उन्हाच्या काहिलीने पदरात टाकलेल्या या वाढीव सुट्टीत नागपुरातील मध्यमवर्गीय घरांतून अलीकडे एक विचार बोलून दाखवला जाऊ लागला आहे. मुलाला यंदा शाळेत पाठवूच नये, घरीच शिकवावे. त्यामागची कारणे खोटी आहेत असे कोणी म्हणणार नाही. दरवर्षी फुगत जाणारे शुल्क, पाठीवरचे ओझे, अर्थ न कळता इंग्रजीतून मुखोद्गत केलेली उत्तरे, आणि इतके करूनही मातृभाषेत चार ओळी धड लिहिता न येणे, हे सारे पालकांच्या डोळ्यांसमोर आहे. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली आणि वर्गातील अध्यापन भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून थेट स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत आले. शाळेत नेमके काय चालते हे अनेक मातापित्यांनी तेव्हा प्रथमच जवळून पाहिले. त्यातून काहींच्या मनात आत्मविश्वास निर्माण झाला, काहींच्या मनात धसका. गृहशिक्षणाचा विचार पहिल्या वर्गातून पुढे आला आहे आणि त्याची दखल घेणे आवश्यक आहे.

ही कल्पना अमेरिकेतून आयात झालेली आहे, असे समजून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्याच घराची ओसरी आठवावी. अमेरिकेत सर्व राज्यांत गृहशिक्षणास मुभा आहे, तर जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे असून घरी शिकवणाऱ्या पालकांना दंड होतो. पाश्चात्त्य जगाचेच या प्रश्नावर एकमत नाही. आपल्याकडे मात्र दिवेलागणीला देवापुढे बसून म्हटला जाणारा परवचा हा प्रत्येक सुशिक्षित घराचा नित्यपाठ होता. पाढे, पावकी, निमकी, दीडकी, श्लोक, तिथी-नक्षत्रे यांसाठी कोणी वेगळी शिकवणी लावत नसे. गाण्याच्या क्षेत्रात तर परंपरेलाच आपण 'घराणे' म्हणतो. लोकमान्य टिळकांचे संस्कृत व गणित वडील गंगाधरपंतांनी घरीच घोटून घेतले होते.

मात्र या इतिहासाचा आधार घेताना तो पूर्ण वाचला पाहिजे. आपल्या विदर्भाचेच उदाहरण घ्या. बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांना वडील बापूजी हरी शिंदे यांनी घरी शिकवले. १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणारी लेखणी त्या घरात घडली. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी अक्षरओळख करून दिली. रमाबाई रानडे अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये सासरी आल्या आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष पत्करून न्यायमूर्तींकडून शिकल्या. आनंदीबाई जोशींच्या हाती पाटी दिली ती गोपाळरावांनी, आणि १८८६ साली त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. या सर्वांना घरी शिकावे लागले, कारण त्यांच्यासाठी शाळा नव्हती किंवा शाळेचे दार समाजाने लावून घेतले होते. आणि घरी शिकलेल्या या स्त्रियांनी पुढे काय केले? सावित्रीबाई १८४८ मध्ये पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. रमाबाईंनी सेवासदन उभे केले. ज्यांना घरात विद्या मिळाली, त्यांनी ती घराबाहेर नेली.

नागपूरच्या वाचकांना दुसरा दाखला सांगण्याची गरज नाही. तरी या संदर्भात त्याचे स्मरण करून देणे अप्रस्तुत ठरणार नाही. १९०७-०८ च्या सुमारास येथील नील सिटी हायस्कूलमध्ये 'वंदे मातरम्'चा घोष झाला आणि केशव हेडगेवार यांना शाळा सोडावी लागली. सरकारी शाळेवरचा रोष त्या पिढीइतका कोणाला असेल? तरीही ते घरी बसले नाहीत. यवतमाळला तपस्वी बाबासाहेब परांजपे यांच्या विद्यागृहात गेले, तेही सरकारने बंद पाडल्यावर पुण्यास गेले. शाळा वाईट असेल तर चांगली शाळा काढावी, हा त्या काळाचा शिरस्ता होता. तेवढी धमक आज आपल्यात उरली आहे काय, हा प्रश्न थोडा बोचणारा आहे.

याउलट सावधगिरीचा धडाही आपल्या शेजारच्या वर्ध्याशी निगडित असलेल्या महापुरुषाच्याच चरित्रात आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी आपल्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत विशेष सवलतीने घालण्याचे नाकारले आणि शिक्षणाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. तत्त्व उदात्त होते. वेळ मात्र नव्हता. कचेरीकडे पायी जाता-येता जे बोलणे होई, तेच पाठ. मुलांना द्यावे तेवढे लक्ष आपण देऊ शकलो नाही आणि याची खंत मुलांच्या मनात राहिली, असे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. थोरले चिरंजीव हरिलाल १९११ मध्ये शिक्षणाच्या ओढीने घर सोडून भारतात परतले. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी देशापुढे शिक्षणाची योजना मांडली, ती होती सात वर्षांच्या, मातृभाषेतून व हस्तोद्योगातून चालणाऱ्या मोफत शाळेची. 'घरी शिकवा' असे त्यांनी राष्ट्राला सांगितले नाही.

तेव्हा आरंभ करायचा तो स्वतःच्या परीक्षेपासून. घरातील कोणा एका मोठ्या माणसाजवळ दररोज सकाळचे तीन-चार तास, अन्य कोणतेही काम न करता, मुलासाठी आहेत काय? 'जमेल तसे पाहू' हे उत्तर असेल तर विषय तेथेच थांबवावा. बहुतेक घरांत हे तास गृहिणीच्या खाती परस्पर जमा केले जातात. निर्णय पित्याचा, तत्त्वज्ञान पित्याचे, आणि नोकरी सोडणार माता! ज्या घरात वडील स्वतः निदान एक विषय नेमाने शिकवणार नाहीत, त्या घराने हा प्रयोग करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरे म्हणजे नाव काढण्याची घाई नको. विदर्भाचा मे-जून हातात आहेच. सुट्टीचे हे सहा आठवडे गृहशिक्षणाची रंगीत तालीम म्हणून वापरावेत. सकाळी ऊन चढण्याआधी भाषा आणि गणित, दुपारी वाचन व हस्तकौशल्य, संध्याकाळी मैदान, दिवेलागणीला परवचा. आठवड्यातून एकदा पाहणी. नागपूरसारखे शहर त्यासाठी पुष्कळ देते. १८६३ चे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, तेथील शिलालेख व नाणी. रामन विज्ञान केंद्र. मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. थोडे दूर रामटेक आणि त्याच्या अलीकडे मनसरचे उत्खनन. वाकाटकांच्या विटा प्रत्यक्ष पाहिलेल्या मुलाला तो राजवंश पुस्तकातील दोन ओळींपुरता राहत नाही. परत आल्यावर पाहिलेले त्याने मराठीत एक पान लिहावे आणि वडिलांनी ते वाचावे. सहाव्या आठवड्यातही घरातील उत्साह टिकून असेल तर पुढचा विचार करावा. तो मावळला असेल, तर या तालमीतील परवचा व पाहणी शाळा चालू ठेवूनही करता येते. किंबहुना बहुसंख्य कुटुंबांसाठी तोच मार्ग योग्य आहे.

पुढे जाणाऱ्यांनी कायदा नीट समजून घ्यावा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने सहा ते चौदा वयाच्या पाल्यास शेजारच्या शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य पालकांवर टाकले आहे. पालकाला दंड करण्याची तरतूद त्या कायद्यात नाही, तशी गृहशिक्षणास मान्यता देणारी ओळही नाही. ही संदिग्धता डोळसपणे स्वीकारूनच पाऊल टाकावे लागते. परीक्षेचे दार मात्र उघडे आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष असे तीन मूलभूत स्तर आणि त्यापुढे दहावी-बारावीच्या परीक्षा घेते. राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे. राज्य मंडळाचा सर्वपरिचित 'सतरा नंबरचा फॉर्म' खासगी विद्यार्थ्यांना दहावी-बारावीस बसू देतो, पण त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. जो कधी शाळेत गेलाच नाही, त्याची येथे अडचण होते.

परीक्षा नकोच, गुणवत्ता पुरेशी आहे, असे म्हणणाऱ्यांना मुंबईच्या मालविका जोशीचे उदाहरण ठाऊक असते. सातवीच्या सुमारास शाळा सोडून घरी शिकलेल्या या मुलीने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये देशासाठी तीन पदके मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेतील एमआयटीने प्रवेश दिला. अभिमानास्पद गोष्ट! पण त्याच कहाणीचा दुसरा भाग असा, की बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आपल्या आयआयटीचे दार तिला बंद होते. दोष नियमाचा असेलही. मात्र ज्यांच्या घरी ऑलिम्पियाडचे पदक नाही, त्यांनी दहावी-बारावीची सोय आधीच करून ठेवावी.

येथे एका ढोंगाचाही उल्लेख केला पाहिजे. नाव एका महाविद्यालयात, मुलगा दिवसभर शिकवणी वर्गात, आणि हजेरी कागदावर, हा प्रकार डॉक्टर-अभियंता होण्याच्या शर्यतीत सर्रास चालतो. २०१८ मध्ये राज्य शासनाला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला तो यामुळेच. मुलाला खोट्या हजेरीचे पहिले धडे जेथे आईवडील देतात, त्यापेक्षा उघडपणे 'आम्ही घरी शिकवतो' म्हणणारा पालक शतपटीने प्रामाणिक होय.

आमची खरी चिंता वेगळी आहे. शाळेच्या बाकावर मुलाला आपल्या आवडीचा शेजारी निवडता येत नाही. रिक्षावाल्याचा मुलगा, वकिलाची मुलगी, वेगळ्या जातीचा, वेगळ्या बोलीचा मित्र तेथेच भेटतो, आणि डबा वाटून खाताना जी समरसता अंगी मुरते ती बौद्धिकातून मुरत नाही. ज्या नगरीत १९५६ साली धम्मदीक्षा झाली, त्या नगरीतील सुखवस्तू पालकांनी हे तरी विसरू नये, की बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे, तरीही त्यांनी शाळा सोडली नाही. त्या बाकासाठी दोन पिढ्या झगडल्या. आज आपण आपले मूल तेथून उठवत असू, तर त्याला रोज संध्याकाळी मैदानावर, शाखेत, वस्तीतील वाचनालयात, आपल्यासारख्या नसलेल्या मुलांत पाठवण्याची जबाबदारी आपलीच. चार गृहशिक्षित कुटुंबांनी एकत्र येऊन आपल्याच घरांचे वर्तुळ करणे म्हणजे ही जबाबदारी पार पाडणे नव्हे. जिल्हा परिषद वा महापालिकेच्या जवळच्या शाळेत आठवड्यातून दोन तास पालकाने गणित शिकवावे व आपले मूलही सोबत न्यावे, असे मुख्याध्यापकांना विचारून पाहण्यास काय हरकत आहे?

आणि परतीची वाट आधीच पाहून ठेवावी. वयानुरूप वर्गात प्रवेश देणे आणि वर्षाच्या मध्यावरही प्रवेश न नाकारणे, हे याच कायद्याने शाळांवर बंधनकारक केले आहे. मुलाच्या वह्या, पाहणीची टिपणे, वाचलेल्या पुस्तकांची यादी तारखेनिशी जपावी. दर सहा महिन्यांनी त्याला स्पष्ट विचारावे, शाळेत जायचे आहे का? तो 'हो' म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी दप्तर भरावे.