अवघड कोणासाठी?

जिल्हा परिषदांच्या शिक्षकांच्या बदल्यांसंबंधी शासनाने जे नियम केले आहेत, त्यांत ‘अवघड क्षेत्र’ असा एक शब्दप्रयोग आहे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या निर्णयाने तो रूढ केला आणि ७ एप्रिल २०२१ च्या निर्णयाने त्याच्या कसोट्या अधिक बारकाईने ठरवून दिल्या. पाऊस किती पडतो, डोंगर किती आहे, वाहन जाते की नाही, भ्रमणध्वनी लागतो की नाही, अशा त्या कसोट्या आहेत. त्या एकामागून एक वाचून पाहाव्यात. बाहेरून त्या गावी नोकरीस जाणाऱ्या माणसाच्या हालअपेष्टा मोजण्यासाठी त्या योजलेल्या आहेत हे लपून राहत नाही. त्या गावी जन्मास आलेल्या मुलाचे काय? गेल्या पाच वर्षांत त्याचे गुरुजी किती वेळा बदलले, दोन शिक्षकांच्या माथी वर्ग किती, त्याची घरची बोली शिक्षकास समजते काय, ह्यांपैकी एकाही गोष्टीला तेथे स्थान नाही. शाळा अवघड ठरते ती शिकविणाऱ्यासाठी. शिकणाऱ्यासाठी ती किती अवघड आहे, हे मोजण्याचे कोणास सुचलेच नाही.

ह्यावर कोणी असे समजू नये की, मी शिक्षकांच्या सोयींविरुद्ध लेखणी उचलली आहे. २०१७ पूर्वी बदल्या कशा होत असत, कोणाच्या चिठ्ठीवर होत असत, हे ज्यांनी पाहिले आहे ते संगणकावरील यादीला नावे ठेवणार नाहीत. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्यास तेथून निघण्याचा हक्क मिळाला, पतिपत्नींना जवळपास राहता यावे अशी तजवीज झाली, दुर्धर आजाराने ग्रासलेल्यांचा विचार झाला; हे सर्व माणुसकीचे आहे. शिक्षकालाही घर असते, म्हातारे आईबाप असतात. माझा आक्षेप निराळा आहे. ह्या सर्व व्यवस्थेत शिक्षकाने आपल्या पसंतीची गावे क्रमाने भरावयाची असतात. गावाने काही भरावयाचे असा रकानाच नाही. हक्क आहे तो निघून जाण्याचा. ज्याच्या दारातून शिक्षक निघून जातो, त्याच्या हक्काचे नाव कोणत्याही परिशिष्टात सापडत नाही.

आणि मौज अशी की, कायदा मात्र ह्याच्या अगदी उलट बोलतो. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्याचे कलम २१ पाहावे. प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती असावी, तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, असे ते सांगते. कलम २२ त्याहून पुढे जाते. समितीने शाळेचा विकास आराखडा करावा, आणि तोच शासनाच्या योजनांचा व अनुदानांचा पाया असावा! केंद्र शासनाने २०१० साली जे नमुना नियम प्रसिद्ध केले, त्यांत ह्या आराखड्यात पुढील तीन वर्षांत किती शिक्षक अधिक लागतील, कोणत्या विषयांचे लागतील, हेही लिहावे असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे शिक्षकांच्या वाटणीची पहिली ओळ गावातील पालकांनी लिहावयाची, असा हा संकल्प. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ साली झालेला पेसा कायदा तर सामाजिक क्षेत्रातील संस्था व कर्मचारी ह्यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला व पंचायतींना द्यावा असे सांगतो. एवढे सारे लिहून झाल्यावर कागद कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागले.

समितीच्या सभा होत नाहीत असे नाही. त्या होतात, म्हणजे त्यांचे वृत्त लिहिले जाते. समितीचा सचिव मुख्याध्यापकच असतो. वृत्त तोच लिहितो आणि सही किंवा अंगठा मागाहून गोळा होतो. सभा भरते ती शाळेच्या वेळेत, म्हणजे ज्यांचा रोज बुडतो त्यांच्या कामाच्या वेळेत. आणखी एक गोष्ट आहे, ती क्षुल्लक वाटेल, पण माझ्या मते तीतच सारे पाणी मुरते. नमुना नियमांप्रमाणे आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबर अखेरपर्यंत, तयार व्हावा लागतो. बीडच्या वा नंदुरबारच्या ज्या आईबापांना आपण विचारावयाचे, ती माणसे त्या सुमारास कोठे असतात? दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीस घर सोडून गेलेली असतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी गुजरातेत. ज्या महिन्यात गाव रिकामे असते त्याच महिन्यात गावाचा कौल मागावयाचा आणि मग ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा मारावयाचा! सभा पोळ्याच्या सुमारास, तीही संध्याकाळी घेतली असती, तर ह्या उदासीनतेपैकी किती उरली असती?

आता त्या आक्षेपाकडे वळतो, जो आपल्या घरोघरी, चहाच्या पेल्यापाशी, मी शंभरदा ऐकलेला आहे. “अहो, त्या अडाणी लोकांना चांगला शिक्षक कोणता हे काय कळणार?” प्रथम हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारून पाहू. आपल्या मुलाकरिता शाळा निवडताना आपण काय पाहतो? इमारत, गणवेश, बस आणि इंग्रजी. तेथे गणित कोण शिकवितो, त्याला पगार किती मिळतो, तो दोन वर्षे तरी टिकतो काय, ह्याची चौकशी किती सुशिक्षित बापांनी केली आहे? उलट वाडीवरच्या बाईला पुष्कळ कळते. गुरुजी सोमवारी आले की मंगळवारी, हे तिला कळते. शनिवारी घंटा लवकर झाली ती कोणत्या गाडीसाठी, हेही कळते. मुलगी बाजारातून उरलेले पैसे बरोबर मोजून आणते की नाही, तिच्या बोलण्याला वर्गात हसतात की काय, शाळेची वेळ झाली की तिच्या पोटात दुखू लागते काय, हे तिच्यावाचून दुसऱ्या कोणास कळणार? अध्यापनशास्त्राची पदविका तिच्यापाशी नाही. पण आपल्यापैकी किती जणांपाशी आहे?

महात्मा फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, कारण ते त्या लोकांत मिसळतील व त्यांच्या गरजा ओळखतील, अशी मागणी होती. पगार पुरेसा द्यावा, मोठ्या गावी अधिक द्यावा, हेही त्यात होते. ही चांगल्या शिक्षकाची व्याख्याच आहे, आणि ती पालकाच्या बाजूने केलेली आहे. धडगावात पावरी बोलणारे मूल, मेळघाटात कोरकू बोलणारे, भामरागडात माडिया बोलणारे मूल पहिलीत येऊन बसते, तेव्हा पाठ्यपुस्तकातील मराठी त्याला जवळजवळ परकीच असते. त्याच्यासाठी चांगला शिक्षक म्हणजे पदव्यांची माळ असलेला नव्हे; त्याचे म्हणणे ज्याला समजते तो. हे त्या गावाला विचारल्यावाचून मंत्रालयात कसे कळणार?

न विचारण्याची सवय किती हाडीमांसी खिळली आहे, ह्याचे अलीकडचे उदाहरण हवे असल्यास २०२३ सालचे घ्या. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्यात असा विचार निघाला. प्रस्ताव मागविले गेले ते शिक्षणाधिकाऱ्यांकडून. अमेरिकेत २०१४ साली तेथील संघीय शिक्षण खात्याने, गरीब व अल्पसंख्य मुलांना चांगले शिक्षक न्याय्य वाटणीने कसे मिळतील ह्याच्या योजना प्रत्येक राज्याकडून मागविल्या. तेव्हा शिक्षकांशी व पालकांशी कशी सल्लामसलत केली हेही सांगावे, अशी अट घातली होती. तिकडचे सर्व सोन्याचे असते असे नाही. परंतु कोणास विचारले हे कागदावर लिहून द्यावे लागणे, हीदेखील एक शिस्त आहे.

शिक्षकमंडळींना एका गोष्टीची भीती वाटते आणि ती निराधार नाही. पालकांच्या हाती सत्ता म्हणजे सरपंचाच्या हाती सत्ता, आणि मग निवडणुकीत ज्याने हात वर केला नाही त्या गुरुजींची उचलबांगडी! म्हणून गावाचा शब्द माणसाविषयी नसावा, जागेविषयी असावा. अमुक गुरुजी नको असे गावाने म्हणू नये. आम्हांस गणिताचा शिक्षक हवा, बोली समजणारा हवा, तीन वर्षे मध्येच न हलणारा हवा, असे म्हणावे, आणि बदलीच्या यादीत तो शब्द शिक्षकाच्या पसंतीइतकाच गणला जावा. जुन्याच्या जागी नवा हजर झाल्यावाचून जुन्यास मोकळे करू नये. ‘अवघड’ च्या कसोट्यांत मुलाच्या बाजूच्या दोन कसोट्या घालाव्यात. समितीचे वृत्त मुख्याध्यापकाने लिहू नये, पालकांपैकी लिहिता येणाऱ्याने लिहावे; आणि शिक्षकावर लादलेली अशैक्षणिक कामे त्यात नोंदवावीत. मग शिक्षकांनाही कळेल की, हे गाव त्यांचे वैरी नाही.

वाचकांपैकी बहुतेकांची मुले ह्या शाळांत नाहीत, हे मी जाणतो. परंतु ह्या शाळांवरील शिक्षक पुष्कळदा आपल्याच घरचे असतात. आपली सून, आपला भाचा, आपला जुना विद्यार्थी. बदलीसाठी कोणाकडे शब्द टाकावा हे आपणच त्यांना सांगत आलो. ह्या खेपेस गणपतीच्या सुटीत ते घरी येतील तेव्हा, तुझ्या शाळेचा आराखडा कोणी लिहिला, आणि त्यात किती शिक्षक मागितले आहेत, एवढे त्यांना विचारून पाहावे.