एमसीबी पडते ती आपल्या भल्यासाठी

यवतमाळचा उन्हाळा आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, दुपारी बाजार ओस पडतो आणि खरे गिऱ्हाईक दिवस मावळल्यावर येते. २०१९ साली रमजान मे महिन्यातच आला होता. दुकानात ईदच्या खरेदीची गर्दी, दोन एसी, सारे दिवे आणि वर इस्त्री चालू. नेमकी त्याच वेळी बोर्डावरची एमसीबी पडायची. आम्ही ती वर करायचो, थोड्या वेळाने ती पुन्हा पडायची. एकाने सल्ला दिला, "शेठ, १६ अँपिअरची काढा, ३२ ची बसवा, कटकट मिटेल." आम्ही तयारही झालो होतो. एका जुन्या वायरमनने हात धरला, म्हणून वाचलो.

त्याने साधा हिशेब मांडला. दीड टनाचा जुन्या पद्धतीचा एसी सुमारे ७-८ अँपिअर वीज ओढतो. दोन एसींचे झाले १५-१६, इस्त्रीचे आणखी चार. भिंतीतली तार मात्र अडीच चौरस मिलिमीटरची. एमसीबी ३२ ची केली तर तार तापून जळेल, तरी एमसीबी पडणार नाही. ज्या दुकानात कापडाचे तागे छतापर्यंत लागलेले असतात, तेथे याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

एमसीबी कशी पडते, यावरून दुखणे ओळखता येते. दहा-पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने पडत असेल तर भार जास्त आहे, किंवा जोड ढिला होऊन तापतो आहे. पत्र्याखालच्या बोर्डातही ती लवकर पडते, कारण तिचे माप साधारण ३० अंश तापमान धरून ठरवलेले असते. एसी सुरू होताक्षणी पडत असेल तर कॉम्प्रेसरचा पहिला झटका कारण असू शकतो. त्यावेळी नेहमीपेक्षा कितीतरी पट प्रवाह लागतो. म्हणून वीज जाऊन आली तर तीन मिनिटे थांबूनच एसी लावावा आणि त्याला 'सी' प्रकारची एमसीबी असावी. संध्याकाळी दाब कमी झाला की मोटार अधिक प्रवाह ओढते, हेही ध्यानात ठेवावे. वर करताच पडत असेल तर शॉर्ट सर्किट समजावे आणि पुन्हा पुन्हा वर करू नये.

कूलरची गोष्ट याहून गंभीर आहे. पाणी, लोखंडी पत्रा आणि ओला पंप एकत्र आले की शरीरात वीज उतरायला वेळ लागत नाही. एवढ्याशा गळतीने एमसीबी पडत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी लागते आणि अर्थिंगही चांगले असावे लागते. ईएलसीबी वारंवार पडते म्हणून ती काढून टाकणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. ती पडते, याचा अर्थ कुठेतरी वीज गळते आहे. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढावा, हे घरातल्या मुलांनाही शिकवावे.

आमचे स्पष्ट मत असे की, आपण व्यापारी बचत चुकीच्या जागी करतो. लाखोंचा माल भरतो, फर्निचर करतो, पण एसीसाठी चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार टाकायला हात आखडतो. बिल वाढेल या भीतीने महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेत नाही. एका खोलीत शिलाई, इस्त्री आणि कूलर चालवणाऱ्या कारागीर बांधवांची अडचण आम्ही समजू शकतो. पण धोका त्यांनाच अधिक आहे, कारण ते झोपतातही तेथेच.

पुसद असो, दिग्रस असो की यवतमाळ, ऊन तापण्याआधी, फेब्रुवारीतच परवानाधारक वायरमनला बोलवा आणि बोर्ड उघडून दाखवा. दोन-चार हजारांचा हा खर्च आहे. बाजारच्या राखणदाराने रात्री हाक मारली तर आपण त्याच्यावर रागावत नाही, दार तपासतो. एमसीबीची हाकही तशीच ऐकावी.