डाग कोणता, उपाय कोणता

लग्नसराई जवळ आली की चंद्रपूरच्या चौकाचौकांत एकाच बैठकीत दात शुभ्र करून देणारे फलक झळकतात, आणि अशा फलकांवर 'बाँडिंग'च्या सवलतीखेरीज काहीही सांगितलेले नाही. बाँडिंग म्हणजे कंपोझिट, अर्थात काचेची सूक्ष्म भुकटी मिसळलेले दाताच्या रंगाचे राळयुक्त द्रव्य, चिकटवून तुटलेला कोपरा, फट किंवा डाग झाकणे. त्यासाठी इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, फॉस्फोरिक आम्लाने काही सेकंद खरबरीत केले जाते (ही युक्ती दंतसंशोधक बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली) आणि मग द्रव्याचे थर चढवून ते निळ्या प्रकाशाने घट्ट केले जातात. एका दाताला साधारण अर्धा ते एक तास लागतो आणि बहुधा भूल द्यावी लागत नाही.

पण सगळे डाग सारखे नसतात. खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण, खाणाऱ्याच्या दातांवरील तपकिरी थर बाहेरून चढलेला असल्यामुळे तो स्केलिंगने, म्हणजे यंत्राने दात खरवडून, बराचसा निघतो. याउलट वरोरा, भद्रावती, राजुरा या तालुक्यांतील काही गावांत बोअरवेलच्या पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे दिसणारे खडूसारखे पट्टे आणि तपकिरी डाग, दात हिरडीखाली घडत असतानाच, म्हणजे साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, इनॅमलमध्येच मुरलेले असतात, त्यामुळे ते कितीही घासले तरी जात नाहीत. बाँडिंगची खरी गरज फ्लोराइडचे डाग असलेल्याला असते. परंतु फ्लोराइडग्रस्त इनॅमल आम्लाला सहजी दाद देत नसल्याने द्रव्याची पकड सैल राहण्याचा धोकाही त्यालाच अधिक असतो. खर्रा खाणाऱ्याने मात्र बाँडिंग करूनही खर्रा चालू ठेवला तर कंपोझिट पुन्हा रंगते, आणि ते ब्लीचिंगने उजळत नाही. फलकावर हे दोघे एकाच दरात बसवले जातात.

फ्लोराइडच्या डागांचे मूळ मात्र पाण्यात आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालावे, असे भारतीय मानक सांगते. जादा फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने कमी करण्याचे नालगोंडा तंत्र नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच विकसित केले. नागपूरहून वरोऱ्याचा रस्ता त्या तंत्राला फार लांब पडत असावा, अशी शंका येते.

बाँडिंग करून घेणाऱ्याने पहिले दोन दिवस चहा व हळद टाळावी, सुपारी दाताने फोडू नये आणि काही वर्षांनी दुरुस्ती लागेल हे गृहीत धरावे. ज्यांच्या घरात आठ वर्षांखालील मूल आहे, त्यांनी मात्र दंतवैद्याकडे जाण्याआधी घरच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी.