आधी टेबलं मोजा!

विद्यापीठात खर्चकपात म्हटली की पहिली कुऱ्हाड मास्तरांवर! जागा रिकाम्या ठेवा, तासिका तत्त्वावर भागवा. अहो, प्रोग्राम रखडला तर आम्ही आधी वेळ कुठे जातो ते मोजतो, मग कात्री लावतो.

नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली औरंगाबादहून वेगळं झालं. आज नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली त्याच्याकडे. लातूरला उपकेंद्रही आहे. मग लातूरच्या पोराचा साधा अर्ज किती टेबलं फिरतो, हे मोजून जाहीर करा की! अर्ज ऑनलाइन भरून वर त्याचीच प्रिंट मागायची, याला सुधारणा म्हणत नाहीत. फालतू सह्या कमी करा, माणसं नव्हे. वाचलेला पैसा वर्गात, प्रयोगशाळेत जाऊ द्या. विद्यापीठ शिकवण्यासाठी असतं राव, फायलींसाठी नाही.