बुद्धिबळातील लबाडी आणि लबाडीचा आळ

बुद्धिबळात हरलेल्या मनुष्यास सबबींची वानवा कधीच भासली नाही. कोणाचे डोके दुखत होते, कोणास रात्री झोप लागली नव्हती, कोणाच्या तोंडावर खिडकीतले ऊन येत होते. अलीकडे मात्र एक नवीच सबब प्रचारात आली आहे. प्रतिपक्षी लबाडी करीत होता म्हणून आपण हरलो, असे आता सर्रास म्हटले जाते. आमच्या शाळेतील मुले आदल्या रात्री मोबाईलवर खेळलेल्या डावांची मधल्या सुट्टीत चर्चा करताना हा आरोप इतक्या सहजपणे करतात की, या विषयावर वार्षिकात चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

हा आळ घेणे इतके सोपे का झाले, हे आधी पाहिले पाहिजे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात केंपेलेन नावाच्या गृहस्थाने तुर्की पोशाखातील एक बाहुला आणला. तो पेटीमागे बसून बुद्धिबळ खेळे आणि भल्याभल्यांस हरवी. पुढे उघडकीस आले की, पेटीच्या पोटात एक चांगला खेळणारा माणूस दडलेला असे. १९९७ साली जगज्जेते कास्पारोव्ह आयबीएम कंपनीच्या 'डीप ब्लू' या संगणकाकडून हरले, तेव्हा त्यांनीही अशीच शंका बोलून दाखविली की, यंत्राच्या आड कोणा माणसाचा हात असावा. कंपनीने ती अर्थातच नाकारली. म्हणजे दोनशे वर्षे संशय असा होता की, यंत्र माणसाची मदत घेते! आज तो उलटला आहे. खिशातील साधा मोबाईल जगज्जेत्याहून सरस खेळतो, आणि मुरलेल्या खेळाडूस तर सर्व चाली सांगाव्याही लागत नाहीत. अडचणीच्या एका क्षणी 'येथे काहीतरी आहे' एवढी खूण मिळाली तरी डाव फिरतो.

लबाडी होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या देशातही ती झाली आहे. २००६ साली दिल्लीतील एका स्पर्धेत एका खेळाडूच्या कानावर ओढलेल्या कापडी टोपीत बिनतारी यंत्र शिवलेले सापडले. बाहेरचे साथीदार संगणकावर चाली काढून त्यास कळवीत होते. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाने त्याच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. पुढे २०१५ साली, पुन्हा दिल्लीतच, एका तरुणाने मुंबईचे ग्रँडमास्टर प्रवीण थिपसे यांच्यावर मात केली. थिपसे हे १९९७ साली ग्रँडमास्टर झालेले, भारतातील तिसरे. त्यांच्या अनुभवी नजरेस एक गोष्ट खटकली. चाल सोपी असो वा अवघड, हा मुलगा प्रत्येक चालीस सारखाच, सुमारे दोन मिनिटांचा, वेळ घेत होता. विचार करणारा मनुष्य असा खेळत नाही. समोरचे प्यादे मारणे उघड असेल तेथे तो चटकन हात घालतो आणि पेच पडेल तेथे घाम पुसत बसतो. थिपसे यांनी आपली शंका पंचांपुढे मांडली, झडती झाली, आणि पायांस बांधलेले मोबाईल व कानातील बारीकसे श्रवणयंत्र हाती आले. जे पाहिले ते ज्याच्याकडे सांगावयाचे त्याच्याकडेच सांगितले, आणि निर्णय पुराव्यावर सोडला. थिपसे यांच्या अनेक विजयांपेक्षा त्यांचा हा पराभव आम्हांस अधिक शिकवून जातो.

याच संदर्भात एका बहुचर्चित प्रकरणाचा उल्लेख करणे भाग आहे. विश्वनाथन आनंद यांचे नाव हैदराबादकरांस परके नाही. २००२ सालची विश्वचषक स्पर्धा आपल्या याच शहरात भरली होती व ती त्यांनीच जिंकली होती. १३ जून २०२१ रोजी करोनाग्रस्तांच्या साहाय्यार्थ त्यांनी अनेक नामवंतांशी एकाच वेळी ऑनलाइन डाव खेळले. त्यांपैकी उद्योजक निखिल कामत यांनी चक्क आनंद यांना हरविले. दुसऱ्याच दिवशी कामत यांनी, आपण जाणकारांची आणि संगणकाची मदत घेतली होती, असे जाहीरपणे कबूल करून क्षमा मागितली. चेस डॉट कॉमने त्यांचे खाते बंद केले, पण आनंद यांच्या बाजूने प्रकरण ताणले गेले नाही व ते खाते पुन्हा सुरू झाले. पटावर जी स्थिती होती तीच आपण खेळलो आणि इतरांकडूनही तीच अपेक्षा होती, एवढेच आनंद म्हणाले.

कबुली लगेच आली, हे कामत यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. तथापि, 'धर्मादाय कार्य होते, गंमत होती' हा बचाव आम्हांस पटत नाही. देणगी देणाऱ्यांनी आनंद यांच्याशी माणसे कशी खेळतात ते पाहावयाचे ठरविले होते. शिवाय पाच वेळा जगज्जेते झालेल्या माणसास हरविल्याची बातमी ज्या लहान मुलांनी त्या रात्री खरी मानली, त्यांची झालेली फसवणूक कोणत्या निधीत जमा धरावयाची?

येथवर लबाडीविषयी झाले. आम्हांस अधिक काळजी वाटते ती दुसऱ्या बाजूची. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील सेंट लुई येथे मॅग्नस कार्लसन हे एकोणीस वर्षांच्या हान्स नीमनकडून हरले आणि स्पर्धा सोडून निघून गेले. प्रथम त्यांनी स्पष्ट काहीच म्हटले नाही, पण जगाने जे समजावयाचे ते समजून घेतले. बाराव्या व सोळाव्या वर्षी ऑनलाइन डावांत आपण लबाडी केली होती, असे नीमनने स्वतःच सांगितले. प्रत्यक्ष पटावर मात्र कधीच केली नाही, असेही तो म्हणाला, आणि त्या डावात लबाडी झाल्याचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. पुढे दहा कोटी डॉलर्सची फिर्याद झाली, २०२३ च्या ऑगस्टमध्ये तडजोड झाली, आणि त्याच वर्षअखेर जागतिक महासंघाच्या नीती-आयोगाने सबळ कारणाविना स्पर्धा सोडल्याबद्दल कार्लसन यांना दहा हजार युरो दंड केला. बेछूट आरोप केल्याच्या दोषातून मात्र त्यांस मुक्त केले. आमच्या मते कार्लसन यांचे मौन हाच त्या प्रकरणातील सर्वांत वाईट भाग होता. स्पष्ट आरोपास उत्तर देता येते. मौनास काय उत्तर द्यावयाचे?

याहून विषण्ण करणारी हकीकत व्लादिमिर क्रामनिक यांची आहे. २००६ साली एलिस्ता येथील जगज्जेतेपदाच्या सामन्यात ते वारंवार स्वच्छतागृहात जातात, असा आळ प्रतिपक्षाच्या व्यवस्थापकाने त्यांच्यावर घेतला होता. त्यांचे स्वतंत्र स्वच्छतागृह बंद करण्यात आले, निषेधार्थ ते पाचव्या डावास बसलेच नाहीत, तो डाव गमावला, आणि तरीही अखेर त्यांनी सामना जिंकला. पुराव्यावाचून संशयित ठरणे म्हणजे काय, हे या गृहस्थाइतके कोणास ठाऊक असणार? पण अलीकडच्या काही वर्षांत याच क्रामनिक यांनी ऑनलाइन खेळणाऱ्या एकामागून एक खेळाडूंकडे आकडेवारी दाखवून बोट केले. त्यांपैकी अमेरिकेचे ग्रँडमास्टर डॅनियल नरोडित्स्की हे ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी वारले. त्यांच्या मृत्यूचा या आरोपांशी संबंध जोडण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु आरोपांनंतर आपण चांगले खेळू लागलो की लोकांच्या मनात वाईटच येते, अशी व्यथा त्यांनी अखेरच्या दिवसांत बोलून दाखविली होती. आपल्या चांगल्या चालीच आपल्याविरुद्ध साक्षीदार व्हाव्यात, याहून खेळाडूची कुचंबणा ती कोणती! जागतिक महासंघाने त्यानंतर क्रामनिक यांच्याविरुद्ध आपल्या नीती-आयोगाकडे तक्रार दाखल केली.

आकडेवारीविषयी येथे थोडे विषयांतर करतो. २०२३ साली हिकारू नाकामुरा यांनी शेहेचाळीस ऑनलाइन डावांत साडेपंचेचाळीस गुण मिळविले, हे क्रामनिक यांना अशक्यप्राय वाटले. आता नाणे सलग दहा वेळा उडवून दहाही वेळा छाप पडण्याची शक्यता एक हजार चोवीसांत एक आहे. एकट्या मुलाने हे करून दाखविले तर आपण चकित होऊ. परंतु शाळेतील हजार मुलांनी प्रत्येकी दहादा नाणे उडविले, तर एखाद्याच्या हातून ते घडण्याचाच संभव अधिक. त्या एकट्यास पुढे बोलावून 'नाणे दाखव' म्हणणे न्यायाचे होईल काय? नाकामुरा यांनी तर असे हजारो डाव खेळलेले आहेत. आकडे संशय घेण्यापुरते उपयोगी पडतात. शिक्षेस दुसरे काही लागते.

या संशयाची झळ सर्वांत अधिक लागते ती मुलांस. मोठा मनुष्य हळूहळू सुधारतो, मूल मात्र एका उन्हाळ्यात कोठल्या कोठे जाते. वरंगळचा अर्जुन एरिगैसी २०२४ च्या डिसेंबरात २८०० गुणांकनापलीकडे गेला. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली एकोणीस वर्षांची असताना महिलांचा विश्वचषक जिंकला. अशा मुलांच्या प्रगतीत 'हे कसे जमले?' असे विचारण्याजोगे टप्पे येणारच. आणि हा प्रश्न केवळ पटापुरता राहिलेला नाही. साधारण मुलाच्या निबंधाच्या वहीत एखादे सुबक वाक्य आढळले की, 'हे यंत्राकडून लिहून घेतलेस काय?' हे शब्द सांप्रत शिक्षकांच्या ओठांवर येतात. वर्गासमोर ते उच्चारले गेले, तर पुढचे सुबक वाक्य ते मूल लिहीलच, अशी खात्री आम्हांस देववत नाही.

म्हणून पुढील वर्षीच्या आंतरवर्गीय सामन्यांसाठी आमची सूचना अशी आहे. पट मांडण्यापूर्वी सर्वांचे मोबाईल, पालकांचेही, दाराशी जमा व्हावेत. कोणास शंका आली तर ती त्याने लिहून, स्वतःच्या सहीने, केवळ पंच-शिक्षकांकडे द्यावी. मित्रांत तिची वाच्यता करणाऱ्याचा तो डाव हरला असे धरावे. पंचांनी त्या मुलास वेगळ्या वर्गात नेऊन डाव पुन्हा मांडावयास सांगावे आणि ही चाल का खेळलास, वजीर का दिलास, असे शांतपणे विचारावे. उत्तर अडखळत आले तरी तेवढ्यावरून निकाल देऊ नये, कारण लाजरे मूल बरोबर चालीचेही कारण सांगू शकत नाही. याकरिता सामन्यांच्या दिवशी एक रिकामा वर्ग आणि एक जादा पट राखून ठेवावा लागेल, इतकेच.